एक्केचाळीस नंबरचा आवाज

रेडिओ स्टेशनात त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं, बाकी शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना कानकाका म्हणायचे. जिन्यात पावलं वाजली की खुर्चीतून मान न वळवता सांगायचे, "बातम्यावाली आली. नव्या चपला आहेत, डावी चावतेय." आणि ती खरंच लंगडत आत यायची आणि म्हणायची, "काका, घरी काकूंचं जगणं अवघड करत असाल तुम्ही." त्यावर कानकाका म्हणायचे, "उलट. भांडं कसं आपटलं त्यावरून मला कळतं आज तोंड उघडायचं की नाही."

वय अठ्ठावन्न, त्यातली बावीस वर्षं एकाच खोलीत. खोली केवढी, तर दोन खुर्च्या टाकल्या की तिसऱ्याने दारात उभं राहायचं. भिंतींना करडा जाड फोम, एका कोपऱ्यात उंदरांनी पाडलेलं भोक, त्यावर चिकटपट्टी. काम म्हणजे लोक माइकसमोर जे काही बोलून जातात त्यातलं खोकणं, अडखळणं, शंभर वेळा आलेलं "म्हणजे काय की" काढून टाकायचं आणि ऐकण्यासारखं करून द्यायचं. पण गेली चार वर्षं त्यांचा जीव अडकला होता तो रविवार सकाळच्या एका कार्यक्रमात. त्याचं नाव 'सांगून टाका'.

तो कार्यक्रम चालवायची एक पस्तिशीची बाई. कानकाका तिला ताई म्हणायचे, ती त्यांना काका, आणि दोघं भांडायचे सख्ख्या बहीण-भावासारखे. लोक यायचे आणि आयुष्यात करून बसलेली चूक माइकसमोर सांगायचे. कुणी भावाची खोटी सही मारून घर नावावर केलेलं, कुणी परीक्षेला आपल्या जागी दुसऱ्याला बसवलेलं, एका बाईने सासूला आलेलं पत्र तेरा वर्षं लपवून ठेवलेलं. पत्राचं ऐकून हसू येतं, पण ती बाई स्टुडिओत अशी रडली होती की ताईने माइक बंद करून तिला अर्धा तास नुसतं बसू दिलं होतं.

नियम कडक. नाव विचारायचं नाही, गेटवरच्या वहीत नोंद नाही, येणाऱ्याला फक्त नंबर, तोही दर जानेवारीत एकपासून. फोन नंबर ताईच्या छोट्या डायरीत, ती डायरी तिच्या पर्समध्ये. कानकाकांनी आवाज बदलायचा, गल्ल्या-दुकानं-माणसं कापायची, आणि मूळ रेकॉर्डिंग महिना झाला की पुसून टाकायचं. ताई प्रत्येकाला काचेपलीकडे बसवून एकच सांगायची, "तुम्ही कोण, हे या खोलीबाहेर जाणार नाही." चार वर्षांत गेलं नव्हतं. कानकाकांना त्याचा इतका अभिमान, की विचारू नका. मी बदललेला आवाज त्याची आईसुद्धा ओळखणार नाही, असं ते छाती फुगवून सांगायचे.

एक्केचाळीस नंबर आला तो महिन्याच्या सुरुवातीला. पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस, नखांत काळं गेलेलं, दोन्ही हात मांडीवर असे ठेवलेले की जणू कुणी मोजणार आहे. तो फार हळू बोलायचा. एक शब्द बोलायचा आणि थांबायचा, इतका वेळ की वाटावं विसरला, आणि मग अर्ध्यातून उचलायचा.

त्याने सांगितलं ते असं. नऊ वर्षांपूर्वी तो लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. महिन्यातून एकदा प्रत्येक इमारतीत जायचं, तपासायचं, कागदावर सही करायची. एका पाच मजली इमारतीतल्या लिफ्टच्या ब्रेकची पट्टी झिजली होती. त्याला दिसलं होतं. पण त्या दिवशी मेव्हण्याकडे जेवायला जायचं होतं, बायको आधीच जाऊन बसली होती, म्हणून म्हटलं पुढच्या महिन्यात बदलू. सही केली आणि गेला. नऊ दिवसांनी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून सरळ तळाला. एक निवृत्त मास्तर गेले. आणि ठपका आला लिफ्टमनवर, की सहाची लिफ्ट असताना आठ माणसं घेतली.

"सहाच... होते," एक्केचाळीस नंबर म्हणाला. "दोघं बाहेरचे. काढायला धावले, त्यांनाही लागलं. हॉस्पिटलात आठ नावं... गेली. आठ म्हणजे आठ. मी... बोललो नाही."

लिफ्टमनला चौदा महिन्यांची शिक्षा झाली.

काचेच्या अलीकडे कानकाकांनी चहाचा कप तोंडापर्यंत नेला होता तो तसाच खाली ठेवला. बेचाळीस मिनिटं ऐकलं. मग दोन दिवस बसून आवाज बदलला, खाली नेला, जाड केला, वर थोडी घरघर चढवली. इमारतीची खूण कापली. तेवीस सेकंदांचा एक तुकडा तर मुळापासून काढला, ज्यात तो म्हणाला होता की आता जुन्या टॉकीजच्या मागे पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. फक्त ते थांबणं तेवढं ठेवलं. कारण पहिल्या वर्षी त्यांनी एकाचं सगळं थांबणं काढून टाकलं होतं, आणि ऐकणाऱ्यांनी पत्रं लिहिली होती की हा माणूस बातम्या वाचल्यासारखा पश्चात्ताप करतोय. तेव्हापासून कानकाकांचं ठरलं होतं, आवाज बदलायचा, थांबणं नाही बदलायचं. माणूस थांबतो तिथंच तर खरा असतो, असं त्यांचं म्हणणं.

रविवारी कार्यक्रम लागला. लोकांना रडू आलं, फोन आले, ताई खूष.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी शिपायाने सांगितलं की खाली एक गृहस्थ आलेत, 'तो आवाज ज्यांनी केला' त्यांना भेटायचंय म्हणतात. ताई बाहेर गेलेली. कानकाका खाली गेले. बाकावर एक सडपातळ माणूस बसला होता, पार्किंगच्या पावत्या फाडणाऱ्यांचा निळा गणवेश, टोपी हातात.

"तुम्हीच का आवाज बदलता?"

"मी नुसता कापाकापीवाला. बोला."

"एवढंच सांगायला आलो की फार छान बदललाय. मी पहिली पाच मिनिटं ओळखलंच नाही." तो टोपी फिरवत राहिला. "मग तो म्हणाला, ब्रेक, आणि थांबला. दर महिन्याला माझ्या लिफ्टच्या वर चढायचा आणि तिथून ओरडायचा, ब्रेक... बरा आहे. मी खालून म्हणायचो, अरे बाबा, लवकर बोल, लोक खोळंबलेत. सात वर्षं. तसं थांबणारा दुसरा माणूस मी बघितला नाही."

समोर तोच लिफ्टमन बसला होता. आणि ज्या थांबण्यावर ते इतके खूष होते, त्यानेच माणूस उघडा पडला होता.

"तुमचा गैरसमज होतोय," ते म्हणाले. "मला कुणाचीच नावं माहीत नसतात." नाव खरंच माहीत नव्हतं. पण खोटं बोलताना आवाज कसा होतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार, आणि आता तो त्यांच्याच तोंडून निघत होता.

लिफ्टमन म्हणाला, "घाबरू नका साहेब. मला कोर्ट नको. पोलीस नको. चौदा महिने काढले, ते काय परत देणारेत का मला. गेलेल्या मास्तरांच्या मिसेस, आमच्या काकू, अजून तिथंच राहतात, पाचव्या मजल्यावर. रोज सकाळी दूध आणायला उतरतात, मी समोरच्या पार्किंगला असतो. मला बघितलं की रस्ता ओलांडून पलीकडून जातात. सुटून आलो तेव्हापासून. गुडघे दुखतात त्यांचे, तरी ओलांडतात." इथं तो थोडा हसला, कसंनुसं. "आता घर विकलं त्यांनी. महिनाअखेर मुलीकडे चालल्या, कायमच्या. त्यांना एकदा कळायला पाहिजे की मी सहाच घेतले होते. मी जाऊन सांगितलं तर कोण ऐकणार? त्याचा खरा आवाज तुमच्याकडे आहे. तेवढा एकदा ऐकवा त्यांना. मग फेकून द्या."

कानकाका वर गेले. मोबाइल आणला आणि म्हणाले, "तुम्ही हे सगळं परत एकदा बोलाल का? काय करीन ते मला आत्ता माहीत नाही. पण बोला." लिफ्टमन बोलला. चार मिनिटं. जाताना फोन नंबर लिहून दिला आणि म्हणाला, "कुणाला देऊ नका हं, कामावर फोन आला की मुकादम ओरडतो."

संध्याकाळी ताई आली तेव्हा कानकाकांनी सगळं ओकलं. आधी आपली चूक, मग बाकीचं. ताई भिंतीला टेकून उभी राहिली.

"काका, नाही. मूळ रेकॉर्डिंग बाहेर जाणार नाही."

"अगं, एक निरपराध माणूस…"

"मला कळतं हो. मला काय दगड समजता का? पण ती पत्रवाली बाई आठवा. तिच्या नवऱ्याला कळलं तर काय होईल तिचं? दोनशेच्या वर माणसं येऊन बसलीत त्या स्टुलावर, माझ्या एका वाक्यावर. आज मी एकाचं उघड केलं, कारण कितीही चांगलं असो, उद्या कोण येईल? आणि तो मेकॅनिक इथं बोलायला आलाच नसता तर हे खरं बाहेर तरी आलं असतं का? लिफ्टमनला आज जे कळलंय तेही कळलं नसतं."

ती बरोबर बोलत होती हेच तर वाईट होतं. कानकाकांना एका बाजूला निळा गणवेश दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला मांडीवर ठेवलेले ते दोन हात, आणि दोघांचंही खरं होतं.

घरी जेवताना भांडं न आपटताही बायकोला कळलं. ती कपडे शिवायची, बाहेरच्या खोलीत मशीन, गिऱ्हाइकांची रांग. तिला नावं-गावं गाळून सगळं सांगितलं. ती दात कोरत म्हणाली, "माझ्याकडे अख्ख्या गल्लीच्या बायकांची मापं आहेत. कुणाची कंबर किती वाढली हे मी कुणाला सांगितलंय कधी?"

"नाही."

"पण माझ्या हातून शिवण उसवली, तर मी त्या बाईला बोलावून सांगते. ती भर लग्नात उघडी पडायची वाट बघत नाही बसत. तुमच्या त्या माणसाला माहितेय का, की तो ओळखला गेलाय?"

कानकाकांचा घास हातातच राहिला. एवढं साधं, आणि ताईच्या की त्यांच्या, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दोघं भांडत बसले होते की त्याचं गुपित ठेवायचं की नाही, आणि ज्याचं गुपित तो बिचारा जुन्या टॉकीजच्या मागे पंखे दुरुस्त करत निवांत बसला होता, आपण सुरक्षित आहोत समजून.

ताईला सकाळी हे सांगितलं तर तिने लगेच डायरी काढून फोन लावला. बंद. दुपारी लावला, बंद. तीन दिवस बंद. महिना संपायला सहा दिवस उरले होते. चौथ्या दिवशी कानकाका म्हणाले, "मला त्याचं दुकान माहितेय. तो कापलेला तुकडा."

"तो तुकडा तुम्ही ऐकलेलाच नाही असं धरायचं असतं, काका."

"धरलं असतं गं. पण शिवण माझ्या हातून उसवलीय."

ताईने कपाळ चोळलं. "जा. पण फक्त सांगायला. त्याच्यावर दबाव टाकायचा नाही. आणि तो नाही म्हणाला तर एक तारखेला माझ्यासमोर पुसायचं."

दुकान म्हणजे एक शटर आणि आत पंख्यांची पाती, टांगलेली, रचलेली, भिंतीला टेकवलेली. एक्केचाळीस नंबर स्टुलावर बसून तार गुंडाळत होता. कानकाकांना बघून त्याच्या हातातलं भेंडोळं सुटलं.

"तुम्ही... शब्द दिला होता."

"तो पाळायलाच आलोय. बसू का?" उत्तराची वाट न बघता ते उलट्या डब्यावर बसले. "तुम्हाला एका माणसाने ओळखलं. चूक माझी आहे. तुमचा आवाज बदलला पण तुम्ही थांबता कसे ते मी तसंच ठेवलं. ज्याने ओळखलं तो लिफ्टमन आहे. तो कुणाला सांगणार नाही म्हणतो, आणि मला तो खरा वाटला. तुमच्याबद्दल मी त्याला हो म्हटलेलं नाही. झालं, एवढं सांगायचं होतं."

रस्त्यावर कुणीतरी गॅसच्या टाक्या उतरवत होतं, त्याचा दणदणाट.

"काय... म्हणाला तो?"

ताईने बजावलं होतं, दबाव नाही. कानकाकांनी प्रामाणिकपणे विचार केला, ऐकवणं म्हणजे दबाव का? असेलही. पण विचारलं तर त्याने होतं. "माझ्याकडे त्याचं बोलणं आहे. चार मिनिटं. ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा, नको म्हणालात तर मी उठतो."

तो बराच वेळ तार उलगडत राहिला. मग हात पुढे केला. कानकाकांनी त्याच्या कानावर हेडफोन घातले आणि तोंड फिरवून बसले. आयुष्यभर लोकांचा श्वास ऐकून त्यांचं मन ओळखलेला माणूस, पण त्या चार मिनिटांत त्यांनी मुद्दाम टाक्यांचा दणदणाट ऐकला.

हेडफोन काढून एक्केचाळीस नंबर म्हणाला, "गुडघे दुखतात तरी... ओलांडतात म्हणतो." आणि परत तार गुंडाळायला लागला. कानकाका उठले, घरी गेले.

एक तारीख. सकाळी अकराला ताई येऊन मागे उभी राहिली. दुकानातून काहीच उत्तर आलं नव्हतं. पडद्यावर फाइल, बेचाळीस मिनिटं. कानकाकांचं बोट काही खाली जाईना. "ताई, हे पुसलं की तो लिफ्टमन कायमचा आठ माणसं घेणारा राहणार."

"माहितेय."

"आणि ठेवलं तर मी चोर."

"तेही माहितेय काका. दुपारपर्यंत थांबा हवं तर. तारीख एकच आहे, वेळ कुठं ठरवलीय."

बाराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. कानकाका खुर्चीतून उडालेच.

एक्केचाळीस नंबर दारात उभा होता, धुतलेला शर्ट, नखं घासून घासून लाल केलेली. "ते माझं... बोलणं. मला मिळेल का? मी तिथं जाऊन... मला तोंडाने नाही जमणार. परत नाही जमणार. ते लावतो आणि... बसतो."

कानकाकांनी ताईकडे बघितलं. चार वर्षांत कुणीही आपलंच बोलणं मागायला आलं नव्हतं, त्यामुळे त्याचा नियमच केलेला नव्हता. ताई म्हणाली, "त्यांचंच आहे. आपण कोण नाही म्हणणारे." मग त्याला म्हणाली, "पण यातून पुढं काय होईल ते माझ्या हातात राहणार नाही, दादा. त्यांनी पोलिसांत दिलं तर?"

"पोलिसांकडे मी... जाईन की नाही, माहीत नाही. आज एवढंच."

एवढंच पुरेसं नाही, हे खोलीतल्या तिघांनाही कळत होतं. चौदा महिने म्हणजे चौदा महिने. कानकाकांनी फाइल त्याला छोट्या प्लेअरवर दिली, आणि मग ताईसमोर आपल्याकडची पुसली. तो म्हणाला, "चला ना बरोबर. पाय... चढणार नाहीत."

काकू अजून गेल्या नव्हत्या. सामान नेणारी गाडी चार वाजता येणार होती. इमारतीत नवी लिफ्ट होती, चकचकीत, तिच्याकडे त्याने बघितलंही नाही. पाच मजले चढायला दोघांना पंधरा मिनिटं लागली. दार उघडंच, आत खोकी, दोऱ्या, गुंडाळलेल्या गाद्या. काकू एका खोक्यावर बसून त्यावर पेनने 'काच' असं लिहीत होत्या.

"गाडीवाले का? चारला सांगितलं होतं."

"नाही," एक्केचाळीस नंबर म्हणाला. "मी लिफ्ट... तपासायचो." आणि पुढं काही येईना म्हणून त्याने प्लेअर खोक्यावर ठेवून चालू केला. न बदललेला आवाज, जसाच्या तसा. कानकाका बाहेर जिन्यात आले, दोन मजले उतरून पायरीवर बसले. त्यांना हवं असतं तर तिथूनही ऐकू आलं असतं. ते आणखी एक मजला उतरले.

पाऊण तासाने वरून पावलं आली. हळू, एका हाताने कठडा धरून, गुडघे सांभाळत. कानकाका उठून दोन जिने वर गेले. काकू चौथ्या मजल्यावर थांबल्या होत्या, डोळे सुजलेले, पण आवाज चढलेला.

"तुम्ही याच्याबरोबरचे ना? तो वर बसलाय, त्याला मी पाणी दिलंय, त्याचं काय करायचं ते मी बघते. मला नाही माहीत मी काय करीन. तो लिफ्टमन कुठं राहतो?"

"समोर पार्किंगला असतात ते, काकू."

"ते मला माहितेय, इतकी वर्षं बघतेय. आज नाहीये. सुट्टी आहे त्याची. मी गॅलरीतून बघितलं. घर कुठंय त्याचं? पत्ता द्या, चारच्या आत जाऊन येते."

पत्ता नव्हता, फोन नंबर होता, कानकाकांच्या पाकिटात. हात पाकिटाकडे गेलासुद्धा. आणि मधेच थांबला.

"नंबर आहे. पण त्यांनी कुणाला देऊ नका म्हटलंय. विचारून सांगतो."

काकूंनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की कुणाचंही अवसान गळावं. "अहो, माझी गाडी येतेय. आणि तुम्ही विचारत काय बसलात?"

"एक मिनिट, काकू. एकच मिनिट." त्यांनी तिथंच, जिन्यात उभं राहून फोन लावला. तीन वेळा वाजला. लिफ्टमनने उचलला, मागे नळाचं पाणी पडत होतं, बादली भरत आलेली.

"मी रेडिओतला. काकूंना तुमच्याशी बोलायचंय. देऊ का फोन? नको असेल तर नको म्हणा."

नळ बंद झाला. "त्यांना कळलं?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"ते मी नाही सांगणार," कानकाका म्हणाले, "त्यांनाच विचारा," आणि फोन काकूंच्या हातात देऊन ते खालच्या मजल्यावर निघून गेले.